भुरकी पहाडीचं जोडपं

"तुमचे मिस्टर तं केव्हाचेच निघाले ना पहाडीवर! तुम्ही काहून मागं राहिल्या, मॅडम?"

दीक्षा गजभियेने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. चिखलाने माखलेली तिची स्कूटी आणि ऑगस्टातल्या सकाळची बारीक झिमझिम, एवढंच. म्हणजे प्रश्न तिलाच होता.

आता हे सांगून टाकायला हवं, की दीक्षाला मिस्टर नव्हते. झालेले नव्हते, ठरलेले नव्हते, आणि तिच्या आईच्या मते पोरगी अशीच दर रविवारी डोंगर चढत राहिली तर होण्यातलेही नव्हते.

"कोणाचे मिस्टर?" तिने विचारलं.

"तुमचेच! दीक्षा तुम्हीच ना?" फाटकाशी टेबल टाकून बसलेल्या बाईंनी जाडजूड वही तिच्यापुढे फिरवली. या वंदनाताई, भुरकी गावच्या वन समितीच्या अध्यक्षा. एरवी या खुर्चीत धोंडबा बसायचा. आज त्याला ताप होता, म्हणून ताई स्वतः आल्या होत्या.

दीक्षाने वहीत पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. धोंडबाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, जानेवारीपासून गेल्या आठवड्यापर्यंत, एकही रविवार न चुकता लिहिलेलं होतं – श्री. उन्मेष सुभेदार व सौ. दीक्षा. तीस ओळी! तीस रविवार ती कोणाची तरी सौ. होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दीक्षा काही बोलायला कमी पडणारी मुलगी नव्हती. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. आठवड्याचे सहा दिवस भल्याभल्यांना दटावून त्यांचे आखडलेले गुडघे वाकवून घ्यायची. पण आज "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"हो... मीच. किती वेळ झाला त्यांना?"

"पंचवीस मिनटं. पाय उचला, गाठान बरोबर."

आणि दीक्षाने खरंच पाय उचलले.

भुरकीची पहाडी कन्हान ओलांडून पुढे गेल्यावर, मोठा रस्ता सोडून आत. कामठीतल्या घरून स्कूटीने पाऊण तास. फार उंच नाही, नावाजलेली तर मुळीच नाही. मैत्रिणी विचारायच्या, तीच ती पहाडी, तीच ती वाट, कंटाळा नाही का येत तुला? दीक्षाला उत्तर देता यायचं नाही. कंटाळा? पहिल्या वळणावरचे ते काळे, जड मँगनीजचे दगड कुठे पाय देऊ देतात आणि कुठे दगा देतात, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. उन्हाळ्यात सागाची पानं पापडासारखी चुरायची, मार्चमध्ये मोहाच्या वासाने डोकं जड व्हायचं, आणि मधल्या उभ्या चढावर नेमक्या त्याच जागी दम लागायचा. तो लागला की तिला हायसं वाटायचं. आठवडाभर लोकांची दुखणी ऐकून झाल्यावर हे दोन तास तेवढे तिचे स्वतःचे होते. ही वाट कोणी हिरावून घेतली असती तर ती काय करणार होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आज मात्र ती पायाखाली न बघता, जवळजवळ धावत चढली. कोण हा सुभेदार? आजवर कधी दिसला कसा नाही? मग तिच्या लक्षात आलं. चढायची वाट पुढून, उतरायची मागून. पंचवीस मिनिटं पुढे असलेला माणूस तिला जन्मात दिसला नसता.

उभा चढ संपल्यावर एक मोठा सपाट खडक होता. त्यावर तिशीच्या आतबाहेरचा एक उंच, शिडशिडीत तरुण बसला होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात थर्मासच्या झाकणातला चहा, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, जणू खडक त्याच्या नावावर होता.

"उन्मेष सुभेदार?" दीक्षाने धापा टाकत विचारलं.

"हो...?"

"मी तुमची बायको."

चहा जायचा तिथे गेला नाही. तो असा काही ठसकला, की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. दीक्षातली फिजिओथेरपिस्ट पुढे सरसावली आणि तिने त्याच्या पाठीत दोन सणसणीत थापा दिल्या. "वाकू नका. हळू... नाकाने श्वास घ्या. हं, आता ठीक."

"माझं..." त्याला अखेर आवाज सापडला. "माझं लग्न झालं?"

"जानेवारीत. मले पण आत्ताच समजलं."

मग दोघेही एकदमच हसायला लागले, असे की शेजारच्या झाडावरचं माकडांचं टोळकं दचकून पलीकडे पळालं.

"आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला," तो चष्मा पुसत म्हणाला. "धोंडबा दर रविवारी मला विचारतात, मॅडम मागून येऊन राहिल्या ना? मी आपला म्हणतो, येत असतील. मला वाटलं, सगळ्यांनाच विचारत असतील!"

"आणि तुम्ही दर वेळी हो म्हणत गेले?"

"नाही म्हणायला कारणच नव्हतं... आणि आता तर मुळीच नाही."

दीक्षाने ते ऐकलं नाही असं दाखवलं. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या, ते तिच्या हातात नव्हतं.

पुढच्या रविवारी धोंडबाला दोघांनी मिळून पकडलं. म्हातारा बिचारा गळ्यातल्या दुपट्ट्याने नुसता तोंड पुसत राहिला.

"जानेवारीत शहरातला एक माणूस वर घसरला होता, पोरी. पाय मोडला. एकटाच होता, दिवसभर तिथंच पडून राह्यला, कोणाले पत्ता नाही. तवापासून समितीनं ठरवलं का एकट्या माणसाले वर सोडाचं नाही. आता तुम्ही दोघं एकटे एकटे. अन् दोघंही याच पहाडीचे येडे! वापस धाडलं असतं तं तुमचं तोंड पाहवलं नसतं मले. मंग म्या हिशेब केला. एक बाई अन् एक माणूस, झाले ना दोन!"

"पण सौ. काहून लिहिलं, काका?"

"वंदनाताई इचारते ना, हा कोण, ते कोण. सौ. लिवलं का कोणीच काही इचारत नाही."

खरं सांगितलं तर दोघांची पहाडी बंद आणि धोंडबाचं फाटकावरचं कामही गेलंच. उन्मेषनेच तोड काढली. यापुढे सोबत चढायचं, म्हणजे दोन माणसं खरोखरच दोन होतील. खोटं राहील ते फक्त 'सौ.' एवढंच.

"अन् तेवढं खोटं चालते?" दीक्षाने विचारलं.

"मला तर चालतं," तो म्हणाला, आणि बूट बांधायला खाली वाकला. बूट आधीच बांधलेले होते, हे तिने पाहिलं.

उन्मेष नागपुरातल्या महाल भागात राहणारा. त्याच्या घराण्याचं आडनाव भोसल्यांच्या राज्यापासूनचं आणि त्याची नोकरी मात्र भूमापन कचेरीत नकाशे काढायची. तोही तीन वर्षं हीच एक वाट चढत होता. गंमत अशी, की दोघांनीही या वाटेवरच्या जागांना आपापली नावं ठेवली होती आणि आजवर ती कोणालाही सांगितली नव्हती. सांगणार कोणाला? लोक हसले असते.

"हा तवा," सपाट खडकावर हात ठेवत तो म्हणाला. "मे महिन्यात बसून बघ, समजेल काहून."

"तवा नाही, ओटा आहे तो! माझ्या मावशीच्या घरचा ओटा अगदी असाच."

"अन् हे वाकडं झाड?"

"मानदुखी."

"मानदुखी! अगं, प्रश्नचिन्ह आहे ते. नीट बघ."

"रोज दहा मानदुख्या बघते मी. मले सांगू नको."

उभ्या चढाला ती गुडघेघाट म्हणायची आणि तो पेन्शन, कारण तो चढ संपला की रिटायर झाल्यासारखं वाटतं. दर रविवारी नव्याने भांडण व्हायचं. दर रविवारी तीच वाट, तेच दगड, आणि तरी दीक्षाला वाटायचं, ही वाट आजवर आपण अर्धीच पाहिली होती. उरलेली अर्धी याच्याकडे होती.

सप्टेंबरात केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, कोणी आधी केलं ते आठवत नाही. शेवाळलेल्या दगडावर तो हात पुढे करायचा. ती म्हणायची, "मले येते," आणि तरी हात धरायची. मग दगड मागे पडायचा, वाट कोरडी व्हायची, आणि हात... हात सोडायचा दोघांनाही विसर पडायचा. एकदा वर टोकावर वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या चष्म्यात अडकली. ती सोडवताना दोघं इतकी जवळ आली, की दीक्षाला त्याच्या शर्टाला लागलेला पावसाचा वास आला. ती चटकन म्हणाली, "ते बघ, रामटेकचा गड दिसून राहिला."

"दिसून राहिलं सगळं," तो गडाकडे न बघता म्हणाला.

प्रेमात पडली होती ती. सरळ सांगायचं तर पुरती पडली होती. पण तो काही बोलत नव्हता, आणि आपण आधी बोलावं इतकं धाडस तिला होत नव्हतं. एक साधी भीती होती. तो सुभेदार, महालातला. आपण गजभिये, कामठीच्या. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, म्हणून नातीचं नाव दीक्षा. पहाडीवर यातलं काहीच आडवं येत नव्हतं. पण घरं काही पहाडीवर नसतात.

आणि मग ऑक्टोबर संपता संपता, एका शनिवारी दुपारी, पेशंटचा खांदा हातात असताना आईचा फोन आला.

"दीक्षा," प्रेमिलाबाईंचा आवाज थरथरत होता. "तुझं लग्न केव्हा झालं वं?"

"काय?"

"कन्हानच्या पुलापाशी फ्लेक्स लागला आहे. तुझ्या मावशीनं फोटो धाडला. हे एवढं मोठं नाव! दर रविवारी भुरकीले जाणारी दीक्षा दुसरी कोण असन? मले निदान जेवाले तं बोलवाचं होतं..." आणि पुढे नुसतं मुसमुसणं.

दीक्षाने पेशंटचा खांदा कधी सोडला ते तिला कळलं नाही. व्हॉट्सॲप उघडलं. पिवळ्याजर्द फ्लेक्सवर लाल अक्षरं नाचत होती – वन समिती भुरकीच्या पाचव्या वर्धापनदिनी, पहाडीवर सर्वात नेमाने येणारे आदर्श दाम्पत्य, श्री. उन्मेष सुभेदार व सौ. दीक्षा उन्मेष सुभेदार यांचा जाहीर सत्कार, रविवारी सकाळी दहा वाजता. हात जोडलेल्या वंदनाताईंचा फोटो. खाली दोन मोर.

ती स्टुलावर बसली.

त्या संध्याकाळी आईला सगळं खरं सांगायला तिला दोन तास लागले. आईने ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "तो पोरगा तुले आवडते?" दीक्षा पाणी आणायला उठली. आईला तेवढं पुरलं.

रविवारी सकाळी फाटकापाशी उन्मेष आधीच उभा होता. चेहरा उतरलेला. त्याच्याही घरी फोटो पोचला होता. समोर मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गावची पन्नास-साठ माणसं. धोंडबा एका बांबूला धरून उभा होता, देवाचं नाव घेत असावा.

"ऐक ना," उन्मेषने तिला बाजूला घेतलं. "मी रात्रभर विचार केला. खरं सांगितलं तर पहाडी गेली, धोंडबा गेले. मग... करूनच टाकू ना लग्न. वहीतलं खरं होऊन जाईल. कोणालाच काही सांगायची गरज नाही."

ज्या शब्दाची दीक्षा दोन महिने वाट पाहत होती तो शब्द असा यावा? टपाल वेळेत टाकून मोकळं व्हावं, तसा?

"वही खरी कराले लग्न?" तिचा आवाज चिरकला. "उन्मेष, त्या फ्लेक्सवर माझं नाव वाचलं तू? सौ. दीक्षा उन्मेष सुभेदार. गजभिये कुठं गेलं? तुझ्या आईले सांगितलं कधी, का ही दीक्षा कोण आहे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला हे सुचलंच नव्हतं, आणि सुचलं नव्हतं हेच तिला जास्त लागलं.

"पहाडीसाठी नवरा नको मले," ती म्हणाली आणि सरळ मांडवात शिरली.

वंदनाताई शाल उलगडत होत्या. दीक्षाने माईक हातात घेतला. "मी यांची सौ. नाही," ती म्हणाली. "आमचं लग्न झालेलं नाही. मी एकटीच येत होती, हेही एकटेच येत होते."

शाल वंदनाताईंच्या हातात तशीच लोंबकळत राहिली. मागून धोंडबाचा रडवेला आवाज आला, "लिवलं म्या, ताई."

"पण मले ऑगस्टपासून माहीत होतं," दीक्षा म्हणाली. "मी सांगितलं नाही, कारण मले भीती होती का तुम्ही माझी पहाडी बंद कराल. आता करा. तुमचा नियम चांगल्यासाठीच आहे. पण ताई, एकट्या माणसाले अडवण्यापेक्षा त्याचा फोन नंबर लिहा, वेळ लिहा. दोन तासांत उतरला नाही तर शोधायला जा. पाय मुरगळलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, ते मी शिकवते समितीच्या बायांना. तेच काम आहे माझं."

"फसवलं तुम्ही आमाले, मॅडम," वंदनाताई म्हणाल्या. मग समितीच्या बायकांकडे वळल्या. कुजबुज झाली, एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळेच. ताईंनी शालीची घडी घातली. "शाल भेटणार नाही. पहाडी भेटन. अन् धोंडबा, तू उद्यापासून वही मले दाखवून लिवशील."

दीक्षा वळली, तेव्हा उन्मेषची मोटारसायकल जागेवर नव्हती.

पुढच्या रविवारी वहीत तिने स्वतःच्या हाताने दीक्षा गजभिये असं लिहिलं आणि एकटीच चढली. पहाडी तिची होती, पुन्हा पूर्ण तिची. आणि खडकापाशी आल्यावर तिला धक्काच बसला. ओटा म्हणायला गेली आणि मनात तवा आलं. वाकड्या झाडापाशी तर ती उभीच राहिली. खरंच प्रश्नचिन्ह होतं ते. एवढ्या वेळा आली ती इथे, एकटीने, आनंदाने, आणि आज पहिल्यांदाच या वाटेवर तिला एकटं वाटलं. ती त्या खडकावर बसून रडली, मनसोक्त.

त्याच्या पुढच्या रविवारीही तो आला नाही. फोनही नाही.

तिसऱ्या रविवारी थंडी पडली होती. फाटकाबाहेर उन्मेष उभा होता, हात खिशात खुपसून, दाढी वाढलेली. दीक्षाने स्कूटी लावली. चेहरा तिने दवाखान्यातला ठेवला.

"काहून उभा आहेस? आता एकट्याले सोडतात."

"माहीत आहे. म्हणूनच थांबलो." त्याने घसा साफ केला. "घरी सांगितलं मी. तुझं पूर्ण नाव सांगितलं, तुझ्या आजोबांचं पण सांगितलं. आणि म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच. बाबा दोन आठवडे बोलून नाही राहिले माझ्याशी. काल बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, मुलीचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं... तिला अजून विचारलंच नाही."

"मले विचाराच्या आधी तू घरी भांडून आला?"

"मागच्या वेळी उलटं केलं होतं ना. तुला विचारलं, पण घरी सांगायची हिंमत नव्हती. तू बरोबर बोलली होतीस, दीक्षा. मला लाज वाटली, म्हणून तोंड दाखवलं नाही." त्याने मान वर केली. "आता वही नाही, फ्लेक्स नाही, काहीच वाचवायचं नाही. नुसतं विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

"हो," दीक्षा म्हणाली.

उन्मेषने पुढे बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बहुधा त्याने तासाभराचं भाषण पाठ करून आणलं होतं.

"इतक्या... इतक्या लवकर? नीट विचार तर कर. लोक बोलतील. आमच्या घरी सगळंच सोपं नसेल. मी सुद्धा रोज रोज तोच, असाच..."

"उन्मेष," तिने त्याच्या स्वेटरची कॉलर नीट केली. "चार वर्षं एकच पहाडी चढून राहिली मी. तीच वाट, तेच दगड, नेमका त्याच जागी दम. लोक विचारतात, कंटाळा नाही येत का वं तुले? नाही येत. मले काही आवडलं ना, का मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच येते."

उन्मेषचे चष्म्याआडचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. दीक्षाने त्याचा हात खिशातून ओढून काढला, स्वतःच्या हातात घेतला, आणि ती चढायला लागली.